ओळ शब्दशः घ्यायची की अलंकारिक? कविता उलगडण्याची पायरी-पायरीची पद्धत

दहावी-बारावीच्या रसग्रहणाच्या वह्यांत एकच चूक पुन्हा पुन्हा सापडते. कवितेत पाऊस आला की उत्तरात 'आनंद' येतो, अंधार आला की 'दुःख', वाट आली की 'जीवनप्रवास'. पावसात कोण भिजलं, अंधार माजघरात होता की अंगणात, वाट चिखलाची होती की डांबरी, हे कुणी बघतच नाही. वाचनालयातल्या कविता-गटात बसणारी मोठी माणसंही हेच करतात, फक्त शब्द जरा भारी वापरतात.

खरं तर कोल्हापूरकराला हे अवघड जायचं कारण नाही. मिसळीच्या गाड्यावर कुणी 'जाळ अन् धूर संगटच' म्हटलं तर आपण अग्निशामक दलाला फोन करत नाही. बोलताना कुठला शब्द शब्दशः घ्यायचा आणि कुठला नाही, हे आपोआप कळतं. छापील कविता समोर आली की मात्र 'यात काहीतरी खोल असणार' अशी धास्ती बसते आणि आपण पहिल्याच ओळीपासून खोल उड्या मारायला लागतो.

खालच्या पद्धतीचा सगळा भर क्रमावर आहे. आधी शब्दशः अर्थ, मग तो कुठे अडतो ते, मग अलंकारिक अर्थ, त्यानंतर सूचित अर्थ आणि अगदी शेवटी अलंकाराचं नाव. बहुतेक वाचक हा क्रम उलटा चालवतात: आधी 'चेतनगुणोक्ती' (निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणारा अलंकार) लिहून मोकळे होतात आणि मग कविता वाचतात.

## तयारी

कविता कागदावर हवी, मोबाइलवर नको. ओळींच्या मध्ये खुणा करायला जागा ठेवून हातानं उतरवून काढलीत तर उत्तम. पेन्सिल घ्या. गाईड, नोट्स, व्हिडिओ बाजूला ठेवा. एकदा दुसऱ्याचा अर्थ कानात गेला की तो बाहेर काढणं फार अवघड.

मग न कळलेल्या शब्दांची यादी करा. इथं दोन प्रकारचे शब्द असतात. एक, शब्दकोशात सापडणारे. दुसरे, कोशात असूनही तिथं न कळणारे, कारण त्यांचा अर्थ गावात, धंद्यात, घरात राहतो. समजा कवितेत ओळ आहे:

वडील रात्री दारातूनच म्हणाले,
'त्रेचाळीस ओलांडलं.'

बाहेरगावचा वाचक वय मोजत बसेल. कोल्हापुरात पावसाळ्यात ही ओळ ऐकणारा माणूस उठून सामान आवरायला लागतो, कारण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ओळीत अलंकार काहीही नाही. तिथं एक आकडा आहे आणि तो माहीत असावा लागतो. गुऱ्हाळावरच्या कवितेतली 'मळी' (उकळत्या रसावरचा मळ), 'काहील' (रस उकळायची मोठी कढई), 'चुलवाण' (तिच्याखालची चूल), तालमीवरच्या कवितेतला 'हौदा' (कुस्तीचा मातीचा आखाडा), हेही याच जातीचे शब्द. त्यांचा साधा अर्थ विचारून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. विचारायला लाज वाटण्यासारखं यात काही नाही. गुऱ्हाळावर कधी न गेलेल्या मराठीच्या पदवीधरालाही मळी म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच कविता वापरू. ती आणि मधली सुटी उदाहरणं या लेखासाठीच रचली आहेत. नामवंत कवीची ओळ घेतली की शाळेत ऐकलेला अर्थ आठवतो आणि वाचायचं राहून जातं.

पूररेषा

पाणी उतरलं.
भिंतीवर छातीइतक्या उंचीला
एक मातकट रेघ राहिली.
आजीनं तीनदा चुना मारला,
रेघ घरातल्या थोरल्या माणसासारखी
पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली.
नदी आता घाटाखालून
पदर सावरून चाललीय,
जणू आमच्या उंबऱ्याची
तिला कधी ओळखच नव्हती.
आम्ही मात्र
धान्याचा डबा
माळ्यावर ठेवायला शिकलो.

शब्दांच्या यादीत इथं 'पूररेषा' जाईल. तो पाटबंधारे खात्याच्या नकाशातला शब्द आहे. नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात आणि नदीकाठच्या बांधकामाची परवानगी त्यांच्यावर ठरते. एवढं टिपून ठेवा. आत्ताच त्यातून अर्थ काढू नका.

## १. मोठ्यानं वाचा आणि अन्वय लावा

अन्वय म्हणजे कवितेतलं वाक्य गद्याच्या क्रमानं मांडणं: कोण, काय, कुणाला, कसं. मुक्तछंदात हे पटकन होतं. वृत्तात किंवा अक्षरछंदात लिहिलेल्या कवितेत शब्द छंदासाठी पुढं-मागं झालेले असतात आणि तिथंच घात होतो. ही चार चरणांची ओळ बघा:

पाठीवरुनी पुरात
वासराला आणणाऱ्या
हंबरते पोराकडे
गाय ओली दारातली

घाईत वाचणारा लिहितो, 'गाय पोराला पाठीवर घेऊन पुरातून आली.' मग पुढचं ओघानंच येतं: गाय म्हणजे आई, पूर म्हणजे संकट, पाठ म्हणजे आधार. अन्वय लावला तर दिसतं की दारातली ओली गाय हंबरते आहे, ती पोराकडे बघून, आणि त्या पोरानं पुरातून वासराला पाठीवरून आणलं आहे. आधार देणारा पोर आहे. चुकलेल्या अन्वयातून कवितेत नसलेलं रूपक जन्माला आलं होतं.

तपासणी: प्रत्येक क्रियापदाला 'कोण?' विचारा. उत्तर देता आलं नाही तर पायरी पूर्ण झालेली नाही.

## २. शब्दशः अर्थ लिहून काढा

ही पायरी सगळ्यांत जास्त टाळली जाते. कंटाळवाणी वाटते, 'हे तर कळतंच आहे' असं वाटतं. पण पुढच्या प्रत्येक पायरीचं वजन हिच्यावर पडतं, म्हणून इथं रेंगाळायला हरकत नाही.

पूर ओसरल्यावर तलाठी पंचनामा लिहितो, तसं लिहा. दिसलं ते, जागेसकट. भावना नाहीत, मत नाही, 'जणू' नाही. आपल्या कवितेचा पंचनामा असा होईल:

'पुराचं पाणी ओसरलं आहे. घरातल्या भिंतीवर माणसाच्या छातीच्या उंचीएवढ्या जागी मातीच्या रंगाची रेघ आहे. आजीनं त्या भिंतीला तीन वेळा चुना दिला. रेघ पुन्हा दिसू लागली. नदीचं पाणी आता घाटाच्या खाली आहे. घरातली माणसं धान्याचा डबा आता माळ्यावर ठेवतात.'

कवितेतला 'पदर' पंचनाम्यात आला नाही, 'थोरलं माणूस' आलं नाही. ते शब्द अजून चौकटीबाहेर उभे आहेत. त्यांच्याकडे चौथ्या पायरीत वळू.

बोलणारा कोण, हेही इथंच नोंदवा. कवितेत 'आमच्या', 'आम्ही' आहे, 'आजी' आहे. म्हणजे बोलणारं माणूस त्या घरातलंच आहे, आजीपेक्षा लहान आहे. मुलगा की मुलगी, किती वयाचं, ते कवितेनं सांगितलेलं नाही; आपणही सांगायचं नाही. कवीनं स्वतःच्याच घराबद्दल लिहिलंय असंही गृहीत धरू नका. उत्तरात 'कवी म्हणतो' ऐवजी 'कवितेतला निवेदक म्हणतो' लिहिण्याची सवय लावली की ही चूक आपोआप टळते.

सावधान: वाक्प्रचाराचा भास. 'चुना मारला' वाचून 'आजीनं फसवलं' असा अर्थ लावणारे निघतात, कारण डोक्यात 'चुना लावणे' बसलेलं असतं. इथं चुना खरा आहे, बादलीतला. भिंत समोर असताना चुन्याला फसवणुकीचा अर्थ देण्याचं काही कारण नाही.

तपासणी: लिहिलेला पंचनामा कविता न वाचलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याला घर, भिंत, रेघ, डबा डोळ्यांसमोर आणता आले पाहिजेत. 'म्हणजे काय झालं नक्की?' असं तो विचारत असेल तर पहिल्या पायरीवर परत जा.

## ३. प्रतिमा वेगळ्या काढा, अलंकार नंतर

इथं एक मोठा गैरसमज दूर करावा लागतो. प्रतिमा म्हणजे अलंकार नव्हे. डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा यांपैकी एखाद्या इंद्रियाला जाणवेल असं काहीही शब्दांनी उभं केलं की ती प्रतिमा. ती पूर्णपणे शब्दशःही असू शकते.

मळी काढली, रस तांबूस झाला,
वाफेत उभ्या गुळव्याचा
चेहरा पुसट झाला.

या तीन ओळींत उपमा नाही, रूपक नाही. काहिलीतून वाफ उठते, गूळ करणारा गुळव्या तिच्याआड उभा असतो, त्याचा चेहरा नीट दिसत नाही. हे गुऱ्हाळावर रोज घडतं. तरी चित्र ठसठशीत आहे. 'चेहरा पुसट झाला' वाचल्याबरोबर 'श्रमिकाची ओळख हरवली' असं लिहिण्याचा मोह होतो. कदाचित कवितेला पुढं तेही सुचवायचं असेल, पण ते ठरवायला पुढच्या ओळी लागतील. या तीन ओळींपुरती वाफ ही वाफच आहे. जसं आहे तसं, बारकाव्यांसह उभं करण्याला आपल्याकडे स्वभावोक्ती हे नाव आहेच. साधं वर्णन म्हणजे कमी दर्जाचं काव्य, हा समज सोडून द्या.

आता 'पूररेषा'मध्ये इंद्रियांच्या खुणा करा. मातकट रेघ डोळ्यांची. पांढरा चुना डोळ्यांचा. 'छातीइतक्या उंचीला' ही गमतीदार आहे. ती डोळ्यांची आहेच, पण शिवाय अंगाची आहे. निवेदकानं उंची फुटांत सांगितली नाही, अंगावर मोजली. पाणी छातीला लागल्याचं त्या मोजमापात आलं. अशा ठिकाणी समासात, म्हणजे कागदाच्या कडेच्या मोकळ्या जागेत, एक चांदणी काढून ठेवा.

सावधान: आपल्या आठवणी कवितेत ओतू नका. २०१९ किंवा २०२१चा पूर पाहिलेल्या वाचकाला इथं लगेच चिखलाचा वास येतो, हेलिकॉप्टर ऐकू येतं. कवितेत वास नाही, आवाजही नाही. किंबहुना ही कविता जवळजवळ मुकी आहे, आणि ते टिपण्यासारखं आहे. आपण आवाज भरले तर ती गोष्ट निसटते.

## ४. अर्थ कुठे अडतो ते शोधा

आता खरी निवड. कुठला शब्द शब्दशः आणि कुठला अलंकारिक, हे मनाला वाटतं म्हणून ठरवायचं नाही. त्यासाठी जुन्या साहित्यशास्त्रानं कसोटी दिली आहे. संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटानं लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा मुख्य अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याच्या, तीन अटी सांगितल्या: मुख्य अर्थाला बाध आला पाहिजे, म्हणजे तो तिथं लागू पडता कामा नये, नवा अर्थ मुख्य अर्थाशी कशानं तरी जोडलेला हवा, आणि तसं बोलण्यामागं एकतर रूढी हवी किंवा काही प्रयोजन हवं. नेहमीचं उदाहरण 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे. प्रवाहावर वस्ती बसत नाही, म्हणून 'काठावर' हा अर्थ घ्यायचा. आणि 'काठावर' न म्हणता 'गंगेवर' म्हटलं ते तिथला थंडावा आणि पावित्र्य सुचवायला. आपणही 'आमचं घर पंचगंगेवरच आहे' म्हणतोच की.

तर प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: पंचनाम्यात लिहिलं तसं हे खरोखर घडू शकतं का? घडू शकत असेल तर समासात 'श' लिहा. अडत असेल तर 'अ'. अडतं, पण सगळेच रोज तसं बोलतात, असं असेल तर 'रू', म्हणजे रूढ.

पाणी उतरलं: रू. पाण्याला पाय नाहीत, पण 'पाणी उतरणे' इतकं रुळलंय की कवीनं तिथं काही केलेलं नाही. यावर उत्तरात परिच्छेद खर्च करू नका.

रेघ राहिली, चुना मारला: श.

रेघ येऊन बसली: अ. रेघ चालत नाही, बसत नाही. शब्दशः एवढंच घडलं की चुन्याखालून ओलीचा डाग पुन्हा वर आला.

पदर सावरून चाललीय: अ. उघड आहे.

ओळखच नव्हती: अ. शिवाय 'जणू'नं स्वतःच कबुली दिली आहे.

डबा माळ्यावर ठेवायला शिकलो: श. इथं काहीही अडत नाही. ही खूण नीट लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत ती लागेल.

एवढ्यावर बहुतेक कविता सुटतात. गोंधळ होतो तो पुढच्या तीन जागी.

पहिली जागा, शब्दशः असूनही अलंकारिक वाटणारी ओळ. 'मावळतीचे किरण आधी पायांवर, मग कमरेवर, मग मुखावर चढले.' कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्याला ठाऊक नाही तो याला सुंदर कल्पना म्हणेल. मंदिराचं मुख पश्चिमेला आहे आणि नोव्हेंबरमध्ये व पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन याच क्रमानं मूर्तीवर चढतात. म्हणजे ही ओळ जवळपास बातमी आहे. पण 'सूर्य देवीच्या पायांशी वाकला' म्हटलं की अर्थ अडला, कारण वाकणं माणसाचं आहे. एकाच घटनेवरच्या दोन ओळी, एक 'श', एक 'अ'.

दुसरी जागा, साम्यवाचक दिसणारा शब्द. 'पाऊस सारखा पडतोय' यात उपमा नाही. 'सारखा' म्हणजे इथं 'सतत'. 'जसं सांगितलं तसं केलं' यातही उपमा नाही. 'तुझ्यासारख्या माणसानं असं वागू नये' हे तर थेट तुझ्याबद्दलच आहे. 'सारखा', 'जसा', 'सम' दिसला की अधोरेखित करून 'उपमा' लिहिणारे इथं हमखास घसरतात. दोन वेगळ्या वस्तू आहेत का आणि त्यांच्यात समान गुण दाखवलाय का, ते आधी बघा.

तिसरी जागा सगळ्यांत रंजक: रूढ झालेला शब्द कवी पुन्हा जागा करतो तेव्हा. शड्डू ठोकणे, चितपट करणे, अस्मान दाखवणे हे सगळं तालमीतून बोलण्यात आलं. खासबागेत, म्हणजे कोल्हापूरच्या कुस्तीच्या मैदानात, पैलवान मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो ते शब्दशः. उमेदवारानं शड्डू ठोकला असं वर्तमानपत्र लिहितं ते रूढ. तिथं कुणाला मांडी दिसत नाही. आणि हे बघा:

प्रचारात शड्डू ठोकणाऱ्यांच्या
मांडीला माती कुठंच नव्हती.

पहिल्या ओळीत वर्तमानपत्रातला शड्डू आहे. दुसऱ्या ओळीनं त्याला मांडी दिली, माती दिली, आणि माती नसल्याचं दाखवलं. उपरोध तिथून आला. म्हणून 'रू' अशी खूण केलेला शब्द कायमचा बाद होत नाही. शेजारच्या ओळीत त्याच शब्दाच्या मूळ व्यवसायातलं काही आलंय का, एवढं एकदा बघा.

तपासणी: सगळ्या कवितेला 'अ' लागली असेल तर तुमचं काहीतरी चुकतंय. शब्दशः काहीच नसलेली कविता विरळा.

## ५. कशाला काय जोडलं, आणि कुठवर

आता फक्त 'अ'च्या ओळी घ्या. कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे कवितेत खरोखर असलेली वस्तू, म्हणजे उपमेय. उजवीकडे जिच्याशी जोडली ती, म्हणजे उपमान. पंचनामा हाताशी असेल तर हे बिनचूक होतं, कारण पंचनाम्यात आलेली वस्तू डावीकडे, न आलेली उजवीकडे.

रेघ, आणि थोरलं माणूस. नदी, आणि पदर सावरून चालणारी बाई. या अदलाबदलीत बरेच जण अडकतात आणि 'घरातलं थोरलं माणूस रेघेसारखं आहे' असं लिहून आजीवर निबंध सुरू करतात.

यानंतर साधारण धर्म शोधायचा, म्हणजे दोघांत समान काय. इथं दुसरी मोठी चूक होते: उपमानाबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं ओतणं. थोरलं माणूस अनुभवी असतं, मार्गदर्शन करतं, आशीर्वाद देतं, संस्कार करतं. असेल. पण ओळीत रेघ काय करते? 'पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली.' घरातल्या थोरल्यांची बसायची एक जागा ठरलेली असते, तिथं दुसरं कुणी बसत नाही, आणि त्यांना 'उठा' म्हणायची कुणाची प्राज्ञा नसते. समान गुण एवढाच: हक्काची जागा आणि न हलणं. क्रियापद ज्या गुणाकडे बोट दाखवतं तोच घ्या.

खात्री करायला उपमान बदलून बघा. 'रेघ पाहुण्यासारखी पुन्हा येऊन बसली.' वाचायला बरं वाटतं, पण पाहुणा जातो. शिवाय मग 'आपल्या जागेवर' हे शब्द लटके पडतात. 'रेघ चोरासारखी पुन्हा आली' म्हटलं तर घरच्यांचा राग येतो, जो मूळ कवितेत नाही. 'थोरल्या माणसासारखी' म्हटल्यानं पुराची खूण घरातलीच होऊन बसली, नको असली तरी मान देण्यासारखी. हा फरक तुमच्या शब्दांत लिहिता आला की त्या ओळीचं काम झालं.

साम्य कुठे संपतं, तेही बघा. घरातलं थोरलं माणूस आपलं असतं, हवंसं असतं. रेघ हवीशी नाही. ही विसंगती कवितेनं मिटवलेली नाही आणि तुम्हीही मिटवू नका. उत्तरात तसंच लिहा.

नदीच्या ओळींत तोच प्रयोग. 'पदर सावरून' यात सभ्यपणा आहे, अंग चोरून निघणं आहे. छातीपर्यंत घरात शिरलेली नदी आता घाटाखालून शहाजोगपणे चालली आहे. 'रौद्र', 'कोपलेली', 'माता' यांपैकी एकही शब्द कवितेत नाही, म्हणून उत्तरात 'नदीचं रौद्र रूप' लिहिणं चूक.

## ६. जिथं काही अडत नाही पण अर्थ उरतो

डब्याची ओळ 'श' होती. धान्याचा डबा माळ्यावर ठेवणं अगदी शक्य आहे. तरीही कविता तिथं संपते आणि वाचणारा थबकतो. हा अलंकारिक अर्थ नाही, सूचित अर्थ आहे. शास्त्राच्या भाषेत लक्षणा नव्हे, व्यंजना. 'सूर्य मावळला' हे जुनं उदाहरण इथं नेमकं बसतं. वाक्य पूर्ण शब्दशः खरं आहे, पण गुराख्याला ते 'गुरं वळवा' म्हणून कळतं, संध्या करणाऱ्याला 'वेळ झाली' म्हणून, दुकानदाराला 'माल आवरा' म्हणून. शब्दशः अर्थ मोडत नाही. तो उभा राहतो आणि त्याच्यापलीकडं आणखी काही ऐकू येतं.

लक्षणेत शब्दशः अर्थ बाजूला सरतो, व्यंजनेत तो तिथंच राहतो. म्हणूनच 'धान्याचा डबा म्हणजे इथं संस्कृती' असं लिहिलं की डबा हरवतो आणि कविताही. डबा डबाच आहे. त्यात धान्य आहे. तो वर गेला आहे, कारण पाणी पुन्हा येणार हे घरानं धरून ठेवलं आहे.

हा अर्थ बरोबर कशावरून? सूचित अर्थाला कवितेतल्याच आणखी दोन तरी जागांचा आधार हवा, असा नियम स्वतःपुरता करा. इथं आधार आहेत: रेघ पुन्हा येते, उंची छातीची आहे, म्हणजे डबा जमिनीवर असता तर बुडाला असता, आणि 'शिकलो' हे क्रियापद, जे एकदा करण्याचं नाही, कायम करण्याचं आहे. 'मात्र' हाही आधार आहे. नदी ओळख विसरली, आम्ही मात्र विसरलो नाही.

आता तयारीत टिपलेलं 'पूररेषा' बाहेर काढा. नकाशावरच्या रेषा निळ्या आणि लाल. घरातली रेघ मातकट. कवितेचं शीर्षक सरकारी शब्दात आहे, पण आत कुठंही सरकार, नकाशा, परवानगी नाही; मोजमाप छातीचं आणि उत्तर माळ्याचं. ती नोंद आधीच वापरली असती तर पूर्ण कविता 'शासनावरची टीका' होऊन बसली असती. शेवटी वापरली म्हणून ती एक छटा देते, तेवढ्यावरच थांबते.

प्रतीक हा शब्दही इथंच, जपून. एखादी प्रतिमा कवितेत परत परत येते, तिच्यावर कवितेचा भार पडतो, तेव्हा ती प्रतीक होते. इथं रेघेबद्दल तसं म्हणता येईल. चुन्याबद्दल नाही.

सावधान: 'अंधार = दुःख, दिवा = आशा, पक्षी = स्वातंत्र्य' असे तक्ते पाठ करू नका. तालमीतल्या कवितेत अंधार म्हणजे पहाटेचा व्यायाम असू शकतो.

## ७. आता नाव द्या

हे काम आता दोन मिनिटांचं आहे. एकच कल्पना वेगवेगळ्या साच्यांत टाकून फरक बघा:

रेघ सहीसारखी दिसते. उपमा.
रेघ जणू नदीनं केलेली सहीच. उत्प्रेक्षा.
ही रेघ म्हणजे नदीची सही. रूपक.
ही रेघ नव्हे, ही नदीची सही. अपन्हुती.

आपल्या कवितेत 'थोरल्या माणसासारखी' ही उपमा, 'येऊन बसली' आणि 'पदर सावरून' ही चेतनगुणोक्ती, 'जणू ओळखच नव्हती' ही उत्प्रेक्षा. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात, दोन्ही लिहा. 'एकच बरोबर असतो' हा बहुपर्यायी प्रश्नांनी लावलेला समज आहे.

## उत्तर लिहिताना

वाचण्याच्या क्रमानंच लिहा, उलटं नको. 'या कवितेत उपमा अलंकार वापरून कवीने सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, म्हणून ते कुठल्याच कवितेला नको. त्याऐवजी असं:

'पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर राहिलेली रेघ तीनदा चुना मारूनही जात नाही. तिला घरातल्या थोरल्या माणसाची उपमा दिली आहे. ठरलेल्या जागेवर बसणाऱ्या थोरल्यांना जसं कुणी उठवत नाही, तशी ही खूण आता घरातून हलणार नाही. उपमेमुळे नकोशा वस्तूला घरातली जागा मिळते. शेवटच्या तीन ओळींत अलंकार नाही. डबा माळ्यावर ठेवण्याची साधी कृती पुन्हा येणाऱ्या पुराची जाणीव सुचवते.'

'शेवटच्या ओळींत अलंकार नाही' असं लिहायला पोरं घाबरतात. लिहा. अलंकार नाही हे ओळखून तिथला परिणाम सांगणं हे अलंकार शोधण्याइतकंच वाचनाचं काम आहे.

## तरीही अडलं तर

दोघांत वाद झाला की एक ओळ शब्दशः की अलंकारिक, तर दोघांचे पंचनामे शेजारी ठेवा. बहुतेक वेळा भांडण अलंकाराचं नसतं. एकानं अन्वय चुकवलेला असतो किंवा एखादा गावाकडचा शब्द माहीत नसतो. तरीही वाद उरला, आणि दोन्ही बाजूंना कवितेतले आधार सापडत असतील, तर ओळ दोन्हीकडे चालते असं लिहून पुढं जा.

कवितेचा काहीच पंचनामा होत नसेल, कुठलीही वस्तू, माणूस, जागा हाती लागत नसेल, तर ती कविता विचार मांडणारी असू शकते. तिथं प्रतिमा शोधत बसू नका. विधानं कशी बदलत जातात ते बघा.

सरावासाठी पाठ्यपुस्तक नको. वाचनालयातून जुने दिवाळी अंक आणा आणि त्यातल्या लहान कविता घ्या. त्यांची गाईडं बाजारात मिळत नाहीत. सुरुवातीला फक्त पहिल्या दोन पायऱ्या करा, अन्वय आणि पंचनामा, आणि कविता बाजूला ठेवा. बाकीच्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी, कोऱ्या डोळ्यांनी.